'हरकत', 'विरोध', 'तक्रार', 'आक्षेप' यात फरक काय, आणि 'हरकत नाही' लिहिलं की संमती दिली असं होतं का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागाहून वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमचे आजोबा वारले, वडील त्यांच्या आधीच गेलेले. आता दोन चुलत्यांनी गावात वारसाची वर्दी, म्हणजे वारस नोंदवायची खबर, दिली, त्यात फक्त त्या दोघांची नावं. तुमचं, आईचं, बहिणीचं नाव नाही, दोन आत्यांचंही नाही. चावडीवर लागलेल्या नोटिशीचा फोटो गावातल्या मित्रानं पाठवला म्हणून तुम्हाला कळलं. तुम्ही पुण्यात बसून अर्ज टाइप केला की "या प्रकाराला माझा तीव्र विरोध आहे, मी जाहीर निषेध करतो आणि चुलत्यांच्या वहिवाटीस हरकत करणार आहे", आणि तो मित्राच्या हातानं तलाठ्याकडं पाठवला. तिथं त्याला सांगितलं की यात हरकत कुठंय, हा तर निषेध आहे. वरून मोठे चुलते म्हणतात की घरच्या ग्रुपवर तूच "हरकत नाही" लिहिलंयस, आता तुला बोलायचा अधिकार नाही. आणि आज नोटिशीला नववा दिवस आहे.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात, तासगाव, वाळवा, मिरज, शेवटी थोडे दिवस जतकडं. म्हणजे हे हरकतीचे अर्ज लिहिणाऱ्यांच्या बाजूला मी कधी नव्हते, वाचणाऱ्यांच्या बाजूला होते. वकील नाही मी. पण समोर आलेला कागद हरकत म्हणून धरायचा की नुसता दप्तरी लावायचा हा निर्णय रोज घ्यावा लागायचा, त्यामुळं या शब्दावर माझा जीव आहे असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही विचारलंय कुठला शब्द वापरू. खरी अडचण मात्र शब्दाची नाहीये. कायद्यात असं कुठंही नाही की अर्जात 'हरकत' हीच चार अक्षरं पाहिजेत, नाहीतर अर्ज बाद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० मध्ये तर हरकत तोंडी घेतली तरी चालते असं आहे, तोंडी किंवा लेखी. ती आली की तलाठ्यानं तिचा तपशील विवादग्रस्त प्रकरणांच्या रजिस्टरला लिहायचा, तो गाव नमुना ६-अ, आणि लगेच लेखी पोच द्यायची. म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांचीही हरकत ही हरकतच. मग तुमचा अर्ज का अडला? कारण त्यात राग आहे पण नोंद नाही. कुठल्या फेरफाराला (म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीला), कुठल्या गटाला, कोण म्हणून, कशासाठी, यातलं काहीच नाही. वाचणाऱ्याला कळतं की माणूस चिडलाय, पण करायचं काय ते कळत नाही.

आता शब्दांकडं येते, कारण शब्द नीट कळले की अर्ज आपोआप नीट होतो असा माझा अनुभव आहे.

हरकत हा मुळात अरबी शब्द, अर्थ हालचाल. हिंदीत अजून तसाच आहे, तिकडं 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा मग खोडी, वाईट कृत्य. म्हणून हिंदी बातम्या बघणाऱ्या आपल्या पोरांचा गोंधळ होतो. गाण्यातसुद्धा जुना अर्थ टिकलाय, सांगली म्हणजे नाट्यपंढरी, आमच्याकडं नाट्यसंगीताच्या बैठकीत कुणी सुरात पटकन सुरेख हेलकावा घेतला की शेजारचा म्हणणार 'काय हरकत घेतली!', तिथं विरोधाचा संबंधच नाही, सुराची ती बारीक हालचाल आहे. मराठीत मात्र कारभाराच्या भाषेत हा शब्द 'अडथळा' या अर्थानं घट्ट बसला. माझी आपली समजूत अशी की चाललेल्या कामात मध्येच कुणी हललं, की काम थांबतं, तिथून हा अर्थ आला असावा. कचेरीत आपण दिवसभर बोलतो ते बहुतेक शब्द तिकडचेच आहेत बघा, तहसील, हक्क, अर्ज, मुदत, वारस, मयत, हुकूम, जबाब, तक्रार.

तर मराठीत हरकत दोन क्रियापदांबरोबर जाते आणि तिथं जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तुमच्या अर्जात सगळ्यात मोठी चूक इथंच झालीय. 'हरकत घेणे' किंवा 'हरकत नोंदवणे' म्हणजे बोलून किंवा लिहून सांगणे की हे होऊ नये, कारण अमुक. आणि 'हरकत करणे' म्हणजे प्रत्यक्ष आडवं येणे. कोर्टातल्या दाव्यात ठरलेलं वाक्य असतं, 'प्रतिवादीने वादीच्या कब्जेवहिवाटीस हरकत अडथळा करू नये'. तिथली हरकत म्हणजे रस्त्यात दगड टाकणं, पाइप काढून टाकणं, नांगर अडवणं. तुम्ही लिहिलंय "वहिवाटीस हरकत करणार आहे". तुमच्या मनात होतं की मी आक्षेप घेणार, पण कागदावर उमटलं की मी जाऊन शेतात आडवा येणार. उद्या चुलत्यांनी हाच कागद दिवाणी कोर्टात लावून मनाई हुकूम मागितला, किंवा पुढंमागं रस्त्या-पाण्यावरून कुरबूर झाली आणि ते मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडं गेले, तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्या विरुद्ध. तो अर्ज आधी बदला. 'माझा यापूर्वीचा अमुक तारखेचा अर्ज रद्द समजून हा अर्ज घ्यावा' असं एक वाक्य नवीन अर्जात जरूर टाका.

विरोध हा शब्द वेगळा. विरोध ही भूमिका असते. मला पटत नाही, मी तुमच्या बाजूनं नाही, एवढं सांगायला विरोध पुरतो, आणि विरोधाला कारण दिलंच पाहिजे असं नाही. ग्रामसभेत ठरावाच्या विरोधात हात वर केला, झालं, कुणी विचारत नाही का. हरकतीचं तसं नाही. हरकतीला कारण लागतं, ती कशाला आहे ते लागतं, कुणापुढं आहे ते लागतं आणि मुदत लागते. विरोध वर्षानुवर्षं ठेवता येतो, हरकत मुदतीबाहेर गेली की तिचं बळ जातं.

याचं उदाहरण आपल्याकडं रस्त्यांच्या भूसंपादनात दिसतं. लोक मोर्चा काढतात, बैलगाड्या घेऊन प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, यांच्या कचेरीवर जातात, निवेदन देतात, फोटो पेपरात येतात. हे सगळं करावं, त्याचं वजन पडतं, मी स्वतः खिडकीतून असे मोर्चे बघितलेत आणि त्यातली तळमळ मला कळायची. पण ते झालं विरोधाचं. त्याच वेळी राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३-अ (3A) च्या अधिसूचनेला २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची असते, २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादन असेल तर कलम १५ प्रमाणे प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस, आणि त्यातही कशाकशाला हरकत घेता येते ते ठरलेलं आहे, जमिनीचं क्षेत्र आणि ती जमीन त्या कामाला योग्य आहे का, सार्वजनिक प्रयोजनाचं समर्थन पटतं का, सामाजिक परिणामांच्या अहवालातले निष्कर्ष बरोबर आहेत का. मोर्चात पहिल्या रांगेत असलेला माणूस आणि फाइलमध्ये त्याच्या नावचा एकही कागद नाही असं झालेलं मी पाहिलंय. सुनावणीला तो आला, पोटतिडकीनं बोलला, आणि अधिकाऱ्याला विचारावं लागलं की तुमची हरकत दाखल आहे का. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून कुणी मला विचारलं तर मी सांगते, घोषणा द्या पण आधी पोच घ्या.

निषेध तर त्याहून पुढचा. निषेध जगाला उद्देशून असतो, अमुक गोष्ट वाईट आहे असं जाहीर सांगणं. त्यावर कुठल्या अधिकाऱ्यानं काही करायचं बंधन येत नाही. सभेत, चौकात, पत्रकात निषेध शोभतो. तलाठ्याकडच्या अर्जात निषेध लिहिला की तो कुणाचा करताय हेच कळत नाही, चुलत्यांचा की तलाठ्याचा, आणि उगाच समोरचा माणूस दुखावतो.

तक्रार आणि हरकत यात लोक फार गोंधळतात आणि त्याला आमचं खातंच जबाबदार आहे, कारण हरकत आलेल्या नोंदीला आम्ही बोलताना 'तक्रारी नोंद' म्हणतो. पण व्यवहारात फरक असा धरा: हरकत ही होऊ घातलेल्या गोष्टीला असते आणि तक्रार झालेल्या गोष्टीची असते. तक्रारीत बहुतेक वेळा कुणीतरी माणूस असतो, यानं असं केलं. हरकतीत गोष्ट असते, ही नोंद चूक आहे. 'अण्णा चुलत्यांनी आम्हाला फसवलं' ही तक्रार. 'फेरफार अमुक मध्ये मयताच्या आधी वारलेल्या मुलाचे वारस वगळले आहेत' ही हरकत. पहिल्या वाक्यावर भांडण वाढतं, दुसऱ्यावर चौकशी होते. आणि एकदा का नोंद प्रमाणित झाली, मंजूर म्हणून सही पडली, की मग हरकतीची वेळ गेली, तिथून पुढं अपील. ते प्रांताकडं, कलम २४७ खाली, आणि मुदत कलम २५० प्रमाणे ६० दिवस. अपिलात उशीर माफ होऊ शकतो पण ते कारणावर आणि अधिकाऱ्यावर अवलंबून, भरवसा धरू नये.

आक्षेप हा संस्कृतातला, थोडा पुस्तकी. ऑडिटमध्ये आक्षेप निघतात, एखाद्या विधानावर आक्षेप असतो, मजकूर आक्षेपार्ह असतो. हरकतीच्या जागी आक्षेप लिहिलं तरी अर्ज चालतो, मी कधी त्यावरून कागद परत केला नाही. फक्त आमच्या रजिस्टरला, नोटिशीला, आदेशाला सगळीकडं हरकत, हरकतदार हेच शब्द असतात म्हणून तोच वापरलेला बरा, शोधणाऱ्याला सोपं जातं.

आता तुमच्या मनाला जे खरं लागलंय त्याकडं येते, ते ग्रुपवरचं "हरकत नाही".

आपल्या भाषेत 'हरकत नाही' हे किती प्रकारे म्हणतो बघा. चहा टाकू का, हरकत नाही. म्हणजे हो. उशीर झाला, माफ करा, हरकत नाही. म्हणजे असू दे. एकदा जाऊन यायला काय हरकत आहे? म्हणजे मी सुचवतोय. पोराचं स्थळ बरं आहे, आमची हरकत नाही. इथं मात्र थांबा, हे 'आम्हाला पसंत आहे' असं नाही, आम्ही आडवे येणार नाही एवढंच. 'हरकत नाही' हे नेहमी आधी काय विचारलं होतं त्यावर उभं असतं, एकटं त्याला काही अर्थ नाही. आणि 'संमती आहे' यात आणि 'हरकत नाही' यात आपली माणसं बोलताना बरोबर फरक करतात, कागदावर आला की विसरतात.

तासगाव तालुक्यातली एक गोष्ट सांगते. मी तलाठी होते, नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका घरी वारस नोंद होती, मयताची मुलगीही हक्कदार होती, सत्तरीची आजी, तिला तिचा पुतण्या एसटीनं घेऊन आला. चावडीत सतरंजीवर बसली, पाणी प्यायली. मी विचारलं, आजी या नोंदीला तुमची काही हरकत आहे का. म्हणाली, "न्हाय वं बाई, माजी काय हरकत. भावाची पोरं हायती, लागू द्या त्यांची नावं." मी जबाब लिहायला घेतला. कोतवालानं शाईचा डबा पुढं सरकवला, आजीचा अंगठा बुडवला. तेवढ्यात पुतण्या हळूच म्हणाला, मॅडम, हिस्सा सोडला असं पण एक ओळ घाला. मी त्याला काही बोलले नाही, आजीला विचारलं, तुमचा हिस्सा तुम्ही सोडलाय असं लिहू का? आजीनं शाई लागलेला अंगठा मागं घेतला आणि पदराला पुसला, पांढरं लुगडं होतं, निळा डाग पडला. म्हणाली, "हिस्सा कुटं सोडला मी? त्यांची नावं लागू द्या म्हनलं. माजं बी लावा की." मी तसंच शब्दात शब्द लिहून घेतलं आणि वारसांच्या रजिस्टरला तिचंही नाव धरलं.

त्या आजीला शाळा नव्हती पण तिला जे कळत होतं ते आज शिकलेल्यांना कागदावर सही करताना कळत नाही. त्यांच्या नावाला हरकत नसणं आणि आपलं नाव सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीतला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करावं लागतं आणि ते नोंदवावं लागतं, नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे १०० रुपये आणि वरच्या किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच पाहिजे. ग्रुपवरच्या दोन शब्दांनी तो सुटत नाही.

तरी तुमच्या बाबतीत काय होईल हे त्या मेसेजच्या वर काय लिहिलं होतं यावर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवं. तुम्ही सांगितलंय की चुलत्यांनी लिहिलं होतं, "आप्पांच्या वारसाचं तलाठ्याकडं देतोय, सगळ्यांना चालेल ना", आणि त्याला तुम्ही "हरकत नाही" म्हणालात. मग तुमची हरकत नव्हती ती वर्दी द्यायला. नावं कुणाची द्यायची हे त्यात कुठंच नाही. उलट त्या मेसेजमधून असंच दिसतं की वारसाची वर्दी सगळ्यांसाठी जातेय असं तुम्ही समजलात. तो मेसेज डिलीट करू नका, ग्रुपमधूनही बाहेर पडू नका. वरच्या खालच्या मेसेजसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सुनावणीत त्यांनी काढला तर शांतपणे पूर्ण दाखवा. जर वरती असं असतं की "नोंदीला फक्त आम्हा दोघा भावांची नावं लावतोय", आणि खाली तुमचं "हरकत नाही", तर ते जरा अडचणीचं झालं असतं, तरी वारसा हक्क त्यानंसुद्धा गेला नसता, पण अधिकाऱ्यासमोर उत्तर द्यावं लागलं असतं.

आत्यांचंही तसंच. तुम्ही लिहिलंय त्यांनी साध्या कागदावर "आमची हरकत नाही" अशी सही दिलीय. ती सही भावांची नावं लागण्याला आहे, तिला कुणी हक्कसोड म्हणू लागलं तर म्हणू देऊ नका. त्यांना खरंच सोडायचं असेल तर तो त्यांचा प्रश्न, पण समजून उमजून आणि रीतसर दस्त करून. आपल्याकडं वर्षानुवर्षं बहिणींना 'सही दे, हरकत नाही एवढंच आहे' असं सांगून कागद घेतले गेले, आणि मग त्यांची नावं एक तर लागलीच नाहीत किंवा 'इतर हक्का'त, म्हणजे सातबाराच्या मालकीबाहेरच्या रकान्यात, टाकली गेली. मला याचं फार वाईट वाटतं, बाई म्हणूनही आणि तो कागद टेबलावर घेणारी म्हणूनही.

मग अर्ज कसा लिहायचा. वाळवा तालुक्यात एकानं मला चार पानांची हरकत आणून दिली होती, लग्नात झालेल्या अपमानापासून बांधावरच्या झाडापर्यंत सगळं, फेरफार क्रमांक मात्र नाही. मी त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, एका वाक्यात सांगा, नोंद का होऊ नये. तो म्हणाला, "त्या कागदावरची सही माझी नाही." ही खरी हरकत, बाकीची चार पानं तिला झाकून बसली होती. तुमचंही एक वाक्य आहे, तेवढं पुढं आणा.

विषयात लिहा: मौजे अमुक, तालुका अमुक, येथील फेरफार क्रमांक अमुक, गट नंबर अमुक, या नोंदीस हरकत. मग मजकूर साधारण असा: "मयत खातेदार यांचा मी नातू. माझे वडील मयताच्या आधी, अमुक तारखेस वारले. त्यांचे वारस म्हणून मी, माझी आई व बहीण आहोत. तसेच मयतास दोन मुली आहेत. सदर नोंदीत या पाच जणांची नावे वगळली आहेत. म्हणून सदर नोंद आहे त्या स्वरूपात प्रमाणित करण्यास माझी हरकत आहे. सर्व वारसांची नावे धरून नोंद व्हावी. मला सुनावणीची संधी मिळावी." झालं. खाली नाव, पत्ता, मोबाइल, सही, तारीख. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाची बायको, मुलगा, मुलगी हे पहिल्या वर्गातलेच वारस आहेत आणि मुलीही, त्यामुळं तुमची बाजू कायद्यात सरळ आहे. अर्थात आजोबांनी मृत्युपत्र केलं असेल तर चित्र बदलतं, ते घरात कुणाला माहीत आहे का ते आधी विचारा.

'आहे त्या स्वरूपात' हे शब्द मुद्दाम टाकायला सांगतेय. चुलत्यांची नावं लागायला तुमची हरकत नाहीच आहे, तेही वारसच आहेत. तुमची हरकत तुमची नावं नसण्याला आहे. हे स्पष्ट लिहिलं तर चुलत्यांनाही कळेल की तुम्ही त्यांच्या मुळावर उठलेला नाही, आणि माझ्या पाहण्यात अशी निम्मी प्रकरणं तिथंच सुनावणीत मिटतात. "चुकून राहिलं, धरा त्यांचीही" असं म्हणायला समोरच्याला जागा राहते. फसवणूक, कारस्थान असे शब्द पडले की ती जागा जाते.

अर्जासोबत वडिलांचा आणि आजोबांचा मृत्यू दाखला, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, याच्या झेरॉक्स लावा, मूळ कागद सुनावणीला बरोबर न्या. नोटिशीची मुदत साधारण १५ दिवसांची असते, पण चावडीवरच्या नोटिशीवर काय तारीख आहे ती फोटोत नीट बघा आणि 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही तुमचं गाव टाकून तो फेरफार तपासा, तिथं नोंद कुठल्या टप्प्यावर आहे तेही दिसतं. मुदत संपायला दोन दिवस असताना पोस्टानं पाठवायच्या भानगडीत पडू नका, स्वतः जा. आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाटी तशी असेल, काम तेच आहे.

अर्ज दोन प्रतीत न्या. एक द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घ्या. पोच देणं हे त्यांचं कर्तव्य आहे, उपकार नाही, पण मागताना नीट बोलून मागा, त्या माणसाकडं तीन-तीन गावांचा चार्ज असतो. पोच मिळालीच नाही तर त्याच दिवशी तोच अर्ज मंडळ अधिकाऱ्यांकडं आणि तहसील कचेरीच्या आवक-जावक टेबलाला द्या. हरकत आली की नोंद आपोआप 'तक्रारी' होते आणि मग ती अव्वल कारकुनाच्या खालच्या दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्यानं ऐकून ठरवायची असते, शक्यतो वर्षभरात निकाल द्यावा असं कलम १५० सांगतं. कुठं दोन महिन्यांत होतं, कुठं लांबतं, ते तालुक्यावर आणि तारखांना तुम्ही हजर राहण्यावर आहे. पुण्याहून येणं जमत नसेल तर आईला किंवा बहिणीला हजर ठेवा, त्याही हरकतदार आहेत, त्यांच्याही सह्या अर्जावर घ्याच.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाही. नावं लागली तरी सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी आहे असं गृहीत धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून नोंद हरलात तरी हक्क हरला असं होत नाही, दिवाणी कोर्ट आहे. आणि नोंद जिंकलात तरी वाटप वेगळं करावं लागतं.

आत्यांना आज रात्रीच फोन करा. त्यांना 'हरकत घ्यायचीय का' असं विचारू नका, त्या पटकन नाही म्हणतील, भावांविरुद्ध जायचं म्हणून. त्यांना विचारा, "आत्या, तुमचं नाव लागावं असं वाटतं का?" त्या हो म्हणाल्या तर त्यांचंही एका ओळीचं पत्र अर्जाला जोडा. आणि नोंद होताना सगळ्यांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, लागतायत का, इतर हक्कात गेली नाहीत ना, हे नवीन सातबारा हातात घेऊन स्वतः वाचा. सुनावणीची नोटीस आली की इथं लिहा, काय काय विचारतात ते मी सांगेन.